रेवदंडा: खाडीच्या तोंडावरचं गाव

अलिबागहून मुरुडला जाताना आक्षी, नागाव, चौल मागे पडलं की साधारण १७ किलोमीटरवर रेवदंडा लागतं. रस्ता तिथे काळ्या दगडांच्या तटातूनच गावात शिरतो. आत किल्ला दिसेल म्हणून आपण मान वळवतो, तर दिसतात नारळी-पोफळीच्या वाड्या, दगडी गडगे, कौलारू घरं, बाजार. थोड्या वेळानं पुन्हा तट येतो आणि त्यापलीकडे एकदम सगळं मोकळं होतं: समोर कुंडलिकेची खाडी, तिच्यावरचा साळावचा पूल आणि उजव्या हाताला समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर.

बहुतेकांचं रेवदंडा या पाच मिनिटांत संपतं. मला मात्र हे गाव आणि त्याला चिकटून असलेलं चौल वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बोलावत आलं आहे. जेमतेम काही किलोमीटरच्या या पट्ट्यात ग्रीक खलाशी येऊन गेले, अरबांनी वस्ती केली, एक रशियन व्यापारी घोडा घेऊन उतरला, पोर्तुगीज दोनशेहून अधिक वर्षं राहिले. एवढ्याशा गावासाठी इतक्या लोकांनी इतक्या लांबून का यावं? राजांच्या वंशावळीत याचं उत्तर शोधायला गेलं की शिलाहार, बहमनी, निजामशाही अशा नावांच्या गर्दीतच आपण हरवतो. खाडीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं तर बऱ्याच गोष्टी सरळ होतात. म्हणून आधी खाडी समजून घेऊ.

साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, जगातलं पुष्कळसं पाणी बर्फ होऊन बसलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे किनाराच पश्चिमेला खूप दूर होता. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या त्या खालच्या समुद्राला मिळण्यासाठी खोल दऱ्या कोरत जात. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि या दऱ्यांची खालची टोकं पाण्याखाली गेली. बुडालेल्या नदीच्या दरीलाच आपण खाडी म्हणतो. कोकणात नदी संपून खाडी कुठे सुरू होते ते नकाशावर रेघ मारून दाखवता येत नाही. भरतीला समुद्र नदीत शिरतो, ओहोटीला नदी समुद्रात जाते, आणि मधल्या पट्ट्यात पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं.

हे दिशा बदलणं म्हणजे व्यापाऱ्यासाठी फुकटचं इंजिन होतं. भरतीबरोबर गलबत सोडलं की पाणीच ते आत रोह्याच्या दिशेनं ढकलत नेई. माल उतरवायचा, नवा भरायचा आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. बैलगाडीला जे ओझं न्यायला कित्येक फेऱ्या लागल्या असत्या ते एका भरतीत होई. त्यामुळे कोकणातली जुनी बंदरं उघड्या समुद्रावर कमी आणि खाड्यांच्या काठावर जास्त आहेत. दाभोळ, राजापूर, कल्याण, सगळी याच जातीची.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत इथे सांगून टाकतो, पुढे लागेल. तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर हा हिशेब अजून उपयोगी पडतो. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी कमी हलतं. तो भांग. मोठं जहाज खाडीत घ्यायचं असेल तर उधाणाची भरती धरायची, हे नाखव्याला कोणी शिकवावं लागत नसे.

पण खाड्या तर कोकणात पुष्कळ आहेत. मग हीच का? कोर्लईच्या डोंगराकडे पाहा. खाडीच्या दक्षिण बाजूनं हा डोंगर लांबट होऊन समुद्रात पुढे गेला आहे, तिन्ही बाजूंना पाणी. पावसाळ्यातला वारा आणि लाटा येतात नैर्ऋत्येकडून. त्यांचा मारा हा डोंगर अंगावर घेतो आणि त्याच्या आडोशाला खाडीचं तोंड त्या मानानं शांत राहतं. उत्तरेला वाळूचा लांब पट्टा, त्यावर रेवदंडा. म्हणजे एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मधे पाण्याची वाट. रेवदंडा या नावाचा संबंध काही जण रेवतीक्षेत्राशी जोडतात. मला त्या नावात रेव आणि दांडा, म्हणजे जाडसर वाळू आणि तिचा समुद्रालगतचा चिंचोळा पट्टा, हे दोन शब्द ऐकू येतात, आणि जागा अगदी तशीच आहे.

या वाळूच्या पट्ट्यावर वाड्या कशा काय पिकतात, हा प्रश्न मला पहिल्यांदा इथे आलो तेव्हा पडला होता. शंभर-दोनशे पावलांवर समुद्र, आणि विहिरीचं पाणी गोड. कारण सोपं आहे. वाळू पावसाचं पाणी पटकन पिऊन घेते. हे गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहतं. पूर्वी रहाटानं त्यातलं बेताबेतानं पाणी काढलं जाई आणि पाटानं पोफळींना फिरवलं जाई. पंप लावून भसाभस उपसा केला की वरचा गोडा थर पातळ होतो, खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात. किनाऱ्यावर बंगले आणि रिसॉर्ट वाढत असताना ही एक गोष्ट प्रत्येक ग्रामसभेत बोलली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता माणसांकडे येऊ. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लिखाणात या किनाऱ्यावरच्या बंदराचं नाव सेमिल्ला, सिमिल्ला असं येतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत देणगी देणारे लोक ‘चेमुल’चे असल्याचे उल्लेख आहेत. अरब त्याला सैमूर म्हणत. तेच आजचं चौल. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ याचं राज्य होतं. बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आहेत, काही इथेच जन्मलेले आहेत आणि त्यांच्या तंट्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, शके ९३४ मध्ये, जवळच्याच आक्षीला एक शिलालेख कोरला गेला. आज तो सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत मोजला जातो. ज्या किनाऱ्यावर घरोघर अरबी ऐकू येत असेल तिथेच आपली भाषा दगडावर उतरत होती, हे डोळ्यांसमोर आणलं की मला फार आनंद होतो.

पंधराव्या शतकात, बहमनी काळात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजानं चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. दख्खनच्या सुलतानांना घोडदळासाठी घोडे लागत, इथल्या हवेत चांगली पैदास होत नसे, त्यामुळे अरबस्तान-इराणातून जहाजं भरून घोडे येत. निकितिन इथून पालीला गेला, ही आपली अष्टविनायकांतली पाली असावी. तेवढ्या वाटेला त्याला आठ दिवस लागले. पुढे घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळा त्यानं तिथेच काढला. सगळे आपल्याकडे टकमक बघतात, गोऱ्या माणसाचं लोकांना नवल वाटतं, बाया डोकं झाकत नाहीत, असं काय काय त्यानं टिपून ठेवलं. त्याच्या या वाटेत बंदराचं दुसरं अर्धं कोडं सुटतं. खाडी कितीही चांगली असली तरी तिच्यामागे घाट चढणारी वाट आणि वाटेच्या टोकाला घोडे, मसाले, कापड घेणारी-देणारी मोठी शहरं लागतात. जुन्नर, अहमदनगर, बीदर यांचं समुद्राकडचं एक दार इथे होतं.

पोर्तुगीज आले ते या दारासाठी. इथे मला जरा थांबून एक लढाई सांगायची आहे, कारण तिचा निकाल तोफांइतकाच चौलच्या कोळ्यांनी लावला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

मार्च १५०८. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो आपल्या जहाजांसह चौलच्या खाडीत नांगर टाकून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानानं पाठवलेला ताफा अमीर हुसेनच्या हाताखाली अचानक येऊन भिडला. मागून दीवचा सुभेदार मलिक अयाज वल्ह्यांच्या हलक्या होड्या घेऊन आला. पोर्तुगीजांनी बाहेर पडायचं ठरवलं. ओहोटी धरून निघाले, पण लोरेन्सोच्या जहाजाला भोक पडून पाणी शिरलं होतं, ते जड झालं आणि वाहत जाऊन खाडीत मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं.

हे खुंट कसले, ते आजही या किनाऱ्यावर कोळी बांधव डोल कशी लावतात ते पाहिलं की कळतं. डोल म्हणजे लांब निमुळत्या पिशवीसारखं जाळं. खाडीच्या प्रवाहात ते पक्कं बांधून ठेवायचं. पाणी धावू लागलं की मासळी आपोआप आत शिरते, प्रवाह उलटायच्या आत जाळं उचलायचं. माशांमागे होडी पळवायची गरज नाही, भरती-ओहोटीच सगळं काम करते. म्हणजे ज्या प्रवाहाच्या भरवशावर लोरेन्सो निघाला, त्याच प्रवाहाच्या तोंडावर कुणीतरी आपल्या पोटासाठी खुंट ठोकून ठेवले होते. जहाज हललं नाही. मलिक अयाजच्या हलक्या होड्यांना पाण्याच्या खोलीची चिंता नव्हती, त्यांनी त्याला घेरलं. मांडीला गोळा लागल्यावरही लोरेन्सो डोलकाठीपाशी बसून हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्यानं मेला, असं पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहिलं आहे. मुलाचा सूड म्हणून बापानं वर्षअखेरीस वाटेतलं दाभोळ जाळून लुटलं आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत हा सगळा ताफा मोडला. पश्चिम हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा वचक तिथून बसला.

पुढचं थोडक्यात. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधायला घेतला. हळूहळू तटाच्या आत गाव वसलं, चर्च आलं, मठ आले. त्यांच्या कागदांत दोन चौल दिसतात: वरचं चौल म्हणजे आतलं जुनं, निजामशाहीचं, आणि खालचं चौल म्हणजे तटातलं, त्यांचं. हे खालचं चौल म्हणजेच आजचं रेवदंडा. वाचताना हा घोळ लक्षात ठेवला नाही तर काहीच जुळत नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं मोठं सैन्य घेऊन किल्ल्याला वेढा घातला, महिनोन्‌महिने तोफा चालवल्या, तरी किल्ला पडला नाही. जमिनीकडच्या वाटा बंद झाल्या होत्या, पण समुद्राची उघडी होती आणि तिकडून माणसं व दारूगोळा येत राहिला. निजामशाहीनं धडा घेतला आणि १५९० नंतर समोर कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारला. त्या डोंगरावर तोफा असल्या की तोंडातून आत येणारं प्रत्येक जहाज माऱ्यात येतं. पोर्तुगीजांना हे परवडणारच नव्हतं. १५९४ मध्ये त्यांनी तो घेतला. शेवटी मराठ्यांनी नेमकी समुद्राची वाट आवळली. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात आंग्र्यांचं आरमार, उत्तरेला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतलेली वसई. त्यानंतर चौल-कोर्लई एकटे धरून ठेवण्यात अर्थ उरला नाही आणि १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले.

पण बंदर तेव्हा आधीच थकलं होतं. त्यामागचं कारणही पुन्हा पाण्यातलंच आहे. पावसाळ्यात पागोळीखाली बादली ठेवा. पाणी पडताना गढूळ असतं, थांबलं की गाळ तळाला बसतो. नदीचंही तेच. डोंगरातून धावताना माती बरोबर येते, समुद्राशी गाठ पडली की वेग मरतो आणि माती तिथेच, नेमकी खाडीच्या तोंडाशी आणि आतल्या वळणांवर, बसते. किनाऱ्यावर वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, घाटमाथ्यावर त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे गाळ किती त्याचा अंदाज करा. ज्या जुन्या चौलच्या धक्क्याला जहाजं लागत, तिथवरचं पाणी हळूहळू उथळ झालं, काही ठिकाणी खाजण आणि शेत झालं. दुसरीकडे जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी हवं होतं. मुंबईला बेटांच्या आडोशाचं खोल, प्रशस्त बंदर होतं, तोंडावर वाळूची आडकाठी नव्हती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्रजांकडे गेल्यावर चौलचे विणकर मुंबईत यावेत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं मुद्दाम खटपट केली. रेशमी आणि सुती कापडासाठी नावाजलेलं गाव रिकामं होऊ लागलं. हे एखाद्या लुटीत किंवा जाळपोळीत झालं नाही. एकेक माग उचलून नेला गेला.

माणसं गेली तरी काही गोष्टी मागे राहिल्या, आणि मला त्यांतली सर्वांत मोलाची वाटते ती कोर्लईची भाषा. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता उठली, पण इथला ख्रिस्ती समाज डोंगराच्या पायथ्याशी गाव करून राहिला. गोव्याशी रोजचा संबंध नाही, चहूकडे मराठी. त्यांच्या घरात आजही जुन्या पोर्तुगीजपासून झालेली एक वेगळी बोली बोलली जाते. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्य आपल्यासारखं, क्रियापद शेवटी. पोर्तुगीजमध्ये ते मधे येतं. जवळजवळ तीनशे वर्षं मराठीच्या शेजारात राहून त्या वाक्याची चालच मराठी झाली. बोलणारे हजाराच्या आसपास आहेत, आणि मुलं मराठी शाळेत जातात. जगात ही भाषा दुसरीकडे कुठेही नाही. तिचे शब्द, गाणी, म्हाताऱ्यांच्या गोष्टी नीट जपल्या जाव्यात यासाठी आपण मराठी माणसांनीही आस्था दाखवली पाहिजे. ती आपली सख्खी शेजारीण आहे.

रेवदंड्यात बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. या समाजाला इकडे शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. चौलला रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, अग्निकुंड, वायुकुंड आहेत, दत्ताच्या टेकडीवर मार्गशीर्षात मोठी यात्रा भरते. पोर्तुगीज गावातली सातखणी, म्हणजे जुन्या चर्चचा मनोरा, वाडीतल्या माडांच्या वर डोकं काढून अजून उभी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा याच पट्ट्यातल्या माड-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं लागतात. त्यामुळे तेव्हा लावलेली रोपं आता कुठे धरू लागली आहेत.

आणि एक बदल तर डोळ्यांना दिसतच नाही. टाटांनी मुळशीला मुळा नदीवर धरण बांधलं आणि ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याला खाली सोडून वीज करायला घेतली. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. याच धरणासाठी गावं बुडणार म्हणून सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला होता. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं, कोलाडला त्याच्यावर राफ्टिंग चालतं, रोह्यावरून ते रेवदंड्याला समुद्राला मिळतं. निसर्गाच्या हिशेबानं मुळेचं पाणी पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. त्यातला काही भाग जवळजवळ शंभर वर्षं रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो आहे. पूर्वी उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीला त्यामुळे बाराही महिने गोडं पाणी असतं.

हे सगळं स्वतः पाहायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्या धरून जा, पावसाळा सोडून. पाऊणपटीच्या हिशेबानं त्या दिवशी दुपारी साडेअकरा-बाराला भरती भरते, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला उधाणाची ओहोटी. किल्ल्याच्या समुद्राकडच्या तटाखालून काळसर वाळूवर उतरा आणि खाडीच्या तोंडाकडे चालत जा. पाणी खूप मागे गेलेलं असेल. तोंडाच्या मधोमध, जिथे खोल पाणी असेल असं वाटतं, तिथेच लाटा फुटताना दिसतील. तिथे खाली वाळू आहे. बाहेरून येणाऱ्या होड्या त्या पांढऱ्या रेघेला वळसा घालतात, किंवा पलीकडे कोर्लईच्या आडोशाला नांगर टाकून पाणी फिरायची वाट बघत थांबतात.